दोघांचे भांडण, चौथ्याचा लाभ

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो ती भांडणाऱ्या दोघांना शहाणपण शिकवण्यासाठी. त्या तिसऱ्याला उद्देशून ती कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही, कारण ज्याच्या पदरात लाभ पडला त्या इसमास उपदेशाची गरज असते असे आपल्या पूर्वजांना वाटले नसावे. परंतु अमेरिकेच्या टेक्सास संस्थानात, विशेषतः त्याच्या दक्षिणेकडील काटेरी मुलखात, दरसाल नाताळाच्या आगेमागे जो एक चमत्कारिक उद्योग चालतो तो पाहिल्यापासून ही म्हण अपुरी आहे आणि तिला एक चौथा पक्षकार जोडून घेणे अगत्याचे आहे, अशी माझी खात्री होऊन चुकली आहे. या उद्योगात भांडणारे दोघे मुळात अस्तित्वातच नसतात. लाभाच्या आशेने धावत येतो तो तिसरा, म्हणजे शिंगाळा हरिण. आणि झुडपाआड मांडी घालून दोन्ही पक्षांचे भांडण एकटाच भांडणारा, मांडीशेजारी भरलेली बंदूक ठेवून बसलेला जो सद्गृहस्थ, तो चौथा.

प्रथम त्या तिसऱ्याची ओळख करून देतो, कारण या प्रकरणात निष्पाप असा तोच एक आहे. जातीने तो पांढऱ्या शेपटीचा अमेरिकन हरिण. तिकडे त्याला व्हाइटटेल म्हणतात. हिवाळा सरता सरता त्याची शिंगे गळून पडतात, वसंतात ती पुन्हा फुटू लागतात, आणि उन्हाळाभर मखमलीसारख्या सालीखाली ती अशा झपाट्याने वाढतात की प्राणिसृष्टीत इतक्या वेगाने वाढणारे दुसरे हाड शोधून काढणे शास्त्रज्ञांनाही जड जाते. या काळात नरांचे टोळके गुण्यागोविंदाने एकत्र चरते. कोणी कोणाकडे वाकड्या नजरेने पाहत नाही. मग दिवस लहान होऊ लागतात, रक्तात कसला तरी रस उतरतो, शिंगांवरची मखमल झाडांच्या खोडांवर घासून काढली जाते, मान फुगते, अन्नावरची वासना उडते, आणि कालपर्यंतच्या सोबत्याची आपल्याला भयंकर चीड येत होती हे प्रत्येकाला एकाएकी उमगते. माजाच्या या हंगामात नराचे वजन पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते, तरी त्याला त्याची खंत नसते.

तथापि हे प्राणी आपल्यापेक्षा व्यवहारी असल्यामुळे त्यांचे बहुसंख्य तंटे कान मागे पाडून, अंगावरचे केस फुलवून आणि एकमेकांकडे तिरक्या चालीने येऊनच निकालात निघतात. प्रकरण हातघाईवर येते ते दोन्ही पक्ष तुल्यबळ असतील तेव्हाच, आणि तेही बहुधा थोडक्यात आटोपते. क्वचित शिंगे एकमेकांत अशी अडकतात की ती सुटत नाहीत आणि वादी व प्रतिवादी दोघेही एकमेकांना धरून उपाशी मरतात; अशा जोडकवट्या तिकडच्या काही दिवाणखान्यांत भिंतीवर टांगलेल्या आढळतात, आणि त्यांच्याखाली बसून घरातील मंडळी कॉफी पितात.

आता रानात दूर कुठे शिंगांवर शिंगे आदळल्याचा आवाज झाला, तर ऐकणाऱ्या तिसऱ्या नराने काय समजावे? त्याचा हिशेब सरळ असतो. दोन बलदंड नर लढत आहेत, त्या अर्थी जवळपास कोणी तरी मादी असली पाहिजे. ते लढण्यात गुंतले आहेत, त्या अर्थी तिच्याकडे लक्ष द्यायला या घटकेस कोणी मोकळा नाही. सबब आपण तेथे जाणे हे आपले कर्तव्य आहे. या अनुमानात तर्कशास्त्रदृष्ट्या दोष काढता येईल असे मला वाटत नाही. दोष असलाच तर तो साक्षीपुराव्याचा आहे.

हा खोटा पुरावा तयार करण्याची कला फार बारकाईची आहे. मागल्या सालची गळालेली शिंगे रानात वेचून त्यांची एक जोडी निवडावी. ती फार सुकलेली असू नयेत, कारण जुन्या सुक्या शिंगांचा आवाज पोकळ येतो आणि तो हरणाच्या कानाला खटकतो असे जाणते लोक सांगतात. कपाळालगतची टोके करवतीने उडवावीत, नाहीतर दोन काल्पनिक नरांच्या झुंजीत एका खऱ्या माणसाची बोटे सोलवटून निघतात. दोन्ही शिंगे दोरीने बांधून गळ्यात अडकवावीत, पहाटेच्या अंधारात वारा कोणीकडून येतो ते पाहून झुडपाआड बसावे, आणि उजाडताच कज्जाला आरंभ करावा. प्रथम एक खणखणीत आदळ. मग मनगटे पिळीत शिंगात शिंग घालून करकर घासणे. मधूनच पायाने पाचोळा उधळणे, वाळक्या डहाळ्या मोडणे, शिंगाच्या बुंध्याने जमिनीवर धपाधप आघात करून चार चार खुरांची रेटारेटी सूचित करणे. कोणी कोणी तर लहानशा नळीतून डुरकतातही. आपल्या रंगभूमीला एकपात्री प्रयोगाची परंपरा आहे आणि तिचा आपल्याला अभिमानही आहे, परंतु एकाच नटाने दोन मल्लांची भूमिका एकाच वेळी, बसल्या जागी आणि प्रेक्षकाच्या दृष्टीस न पडता वठवायची, आणि प्रेक्षक भुलला तर त्यालाच गोळी घालायची, असा प्रयोग आपल्याकडे अद्याप कोणी लावलेला नाही.

हा उद्योग आजचा नव्हे. पांढरा माणूस त्या खंडावर उतरला तेव्हा तेथील मूळच्या लोकांना हरणाला हरिण होऊनच गाठावे लागते हे ठाऊक होते. 1591 साली थिओडोर द ब्रायने छापलेल्या एका चित्रात फ्लोरिडाचे तिमुकुआ शिकारी हरणांची सबंध कातडी पांघरून, डोळ्यांच्या जागी डोळे आणून, पाण्यावर आलेल्या हरणांच्या दिशेने निघालेले दिसतात. त्यांचे कातड्याचे सोंग आणि टेक्सासच्या शिकाऱ्याचे आवाजाचे सोंग ही एकाच घराण्याची विद्या होय. आमच्याकडची जुनी संस्थानी शिकार याच्या नेमकी उलट असे. तेथे शेकडो हाकेकरी ढोल, डबे आणि शिव्या यांच्या साह्याने रान उठवीत आणि भ्यालेले जनावर आवाजापासून दूर पळता पळता मचाणावर बसलेल्या सरकारस्वारीच्या पुढ्यात येई. गोंगाट करण्याचे कष्ट प्रजेकडे आणि गोळी झाडण्याचे राजाकडे, अशी कामाची वाटणी होती. टेक्सासचा शिकारी लोकशाहीतला असल्यामुळे गोंगाटही स्वतःच करतो, आणि त्याचे जनावर आवाजापासून पळत नाही, आवाजाकडे येते.

या ठिकाणी मारीचाची आठवण येणे अपरिहार्य आहे. त्या मायावी मृगाने मरता मरता रामाचा आवाज काढला आणि लक्ष्मणाला पर्णकुटीबाहेर ओढले. एका हरणाने माणसाच्या आवाजाची नक्कल करून साऱ्या रामायणाला कलाटणी दिली. टेक्सासच्या झुडपाआड बसून माणूस हरणाच्या शिंगांची नक्कल करतो तेव्हा तो त्रेतायुगातली ती बाकी वसूल करीत असतो, असे मानायला मला आवडते. मात्र मारीचाला ती नक्कल प्राण देऊन करावी लागली. इकडच्या कारागिराला फार तर पडसे होते.

माझा एक भाचा सॅन अँटोनिओला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्या कचेरीतील एका स्नेह्याने शहराच्या दक्षिणेला काही एकर रान हंगामापुरते खंडाने घेतले होते, कारण टेक्सासात जवळजवळ सर्व जमीन खाजगी मालकीची असून शिकाऱ्यास हरणाआधी जमीनमालक गाठावा लागतो. त्या रानात मला एका डिसेंबरात नेण्यात आले. मी हातात बंदूक कधी धरलेली नाही, तेव्हा माझी योजना निव्वळ पंच म्हणून होती. उजाडले तेव्हा समोरचे दृश्य पाहून मी चकित झालो: मैलच्या मैल काटेरी झुडपे, मधूनमधून फड्या निवडुंग, खाली भेगाळलेली माती. सोलापूर जिल्ह्यात कोठेतरी आलो आहोत अशी शंका यावी, आणि ती शंका अगदीच निराधार नव्हती, कारण तिकडचे मेस्कीट हे आपल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड आणि आपला फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेकडचाच. या देवघेवीची परतफेडही झालेली आहे. आपले चितळ 1932 साली टेक्सासच्या रानात सोडण्यात आले, काळवीटही त्याच सुमारास गेले, आणि त्याच दशकात किंग रँच नावाच्या अवाढव्य जहागिरीवर नीलगाय जाऊन पोहोचली. आज तिन्हींची तेथे खिल्लारे आहेत. मराठी इंजिनियर टेक्सासात जाऊन स्थायिक झाले याचे आपण फार कौतुक करतो, पण परवान्यावाचून आणि कोणाची शिफारस नसताना तेथे आधी घर करण्याचा मान या मंडळींचा आहे. भाचा म्हणाला, "मामा, इथं चितळाला एक्सिस म्हणतात." मी म्हणालो, "नाव बदललं म्हणजे नागरिकत्व मिळालं, असं समजायचं."

त्यावर आम्हाला गप्प करण्यात आले. स्नेह्याने अंगभर पानाफुलांचे कापड चढवले होते, चेहऱ्याला काजळी फासली होती, आणि बुटांवर एका चिमुकल्या बाटलीतून माजावर आलेल्या हरिणीच्या मूत्राचे थेंब सोडले होते. हे द्रव्य तिकडे दुकानात विकत मिळते. हरणांमध्ये पसरणाऱ्या एका दुर्धर मेंदूरोगाच्या भयाने व्हर्जिनियासारख्या काही राज्यांनी त्याला मनाई हुकूम काढला आहे, हे मला पुढे कळले. त्या पहाटे मात्र ते द्रव्य माझ्या नाकापाशी बसलेले होते. मग कज्जा सुरू झाला. तो गृहस्थ एरवी अत्यंत मितभाषी, चहाचा कपही टेबलावर आवाज न करता ठेवणारा. त्याने शिंगांवर शिंगे अशी आदळली, जमीन अशी बडवली, आणि घशातून असा हुंकार काढला की मला क्षणभर वाटले, बायकोचा, जमीनमालकाचा आणि कचेरीतल्या साहेबाचा सगळा सालाबादचा हिशेब हा इथेच चुकता करतो आहे. पहिल्या खेपेस कोणी आले नाही. दुसऱ्या खेपेस झुडपातून एक तरणा नर धडधडत बाहेर आला आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर थबकला. मान उंच करून त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. लढाई कुठे आहे? तिचे निमित्त झालेली ती कुठे आहे? शिंगे लहान आणि वय कोवळे, सबब मारायचा नाही, असा स्नेह्याचा कटाक्ष असल्यामुळे बंदूक जागची हलली नाही. आणि तो बिचारा कितीतरी वेळ त्या मोकळ्या जागेत उभा राहून, तारीख पडली आणि न्यायाधीशच आला नाही अशा पक्षकाराच्या मुद्रेने, एकदा आमच्या झुडपाकडे आणि एकदा आपल्या खुरांकडे पाहत राहिला. शेवटी त्याने तिथलेच गवत खायला घेतले. आलोच आहोत तर!

या खोट्या कज्जाची रीतसर तपासणीही झालेली आहे, हे वाचून माझे अंतःकरण भरून आले. टेक्सासात सिंटन गावाजवळ वेल्डर कुटुंबाच्या नावाने एक वन्यजीव अभयारण्य आहे. तेथे मिकी हेलिकसन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात 171 वेळा शिंगे बडवून घेतली आणि 111 नर आले अशी नोंद केली. एक माणूस खाली झुडपात शिंगे आपटीत असे आणि दुसरा मनोऱ्यावर बसून कोण येते ते टिपून घेई. निष्कर्ष असे निघाले की हळू आवाजातील भांडणापेक्षा मोठ्या आवाजातील भांडणाला सुमारे तिपटीने अधिक नर जमतात, ऐन माजात सर्वांत जास्त येतात, आणि सकाळची वेळ सर्वोत्तम. मोठ्या आवाजाचा हा महिमा सिद्ध करण्यासाठी इतके सायास का करावे लागले हे मला समजले नाही. आमच्याकडे कोणत्याही नगरपालिकेच्या सभेचे इतिवृत्त चाळले असते तरी भागले असते. पण त्या तपासणीतील खरी मार्मिक गोष्ट वेगळीच आहे. आलेले बहुतेक नर वाऱ्याच्या खालच्या अंगाने येत, म्हणजे भांडणाचा वास आधी घेत आणि मग तोंड दाखवीत; आणि त्यांपैकी कित्येक मनोऱ्यावरच्या कारकुनाला स्पष्ट दिसले तरी खाली शिंगे बडवणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागला नाही. म्हणजे ज्याने हा सारा बनाव रचला तो घामाघूम होऊन 'आज कोणीच आले नाही' म्हणून हळहळत असताना, त्याच्या पाठीमागे एक अनुभवी नर उभा राहून, नाक फेंदारून, या दोन हरणांपैकी एकालाही हरणाचा वास कसा नाही याचा विचार करीत होता.

आणखी एक अट आहे, तिच्यामुळे हा व्यवहार सर्वत्र चालत नाही. जेथे माद्या फार आणि नर थोडे, तेथे शिंगे कितीही आपटा, कोणी फिरकत नाही. ज्याला घरबसल्या सर्व मिळते तो दुसऱ्याच्या भांडणात का पडेल? नर-मादींचे प्रमाण राखलेली, वयस्क नर जगू दिलेली, फारशी बंदूक न वाजलेली रानेच या विद्येला मानवतात, आणि दक्षिण टेक्सासच्या मोठाल्या रँचवर अशी राने आहेत, म्हणूनच या विद्येचे तेथे एवढे प्रस्थ माजले.

ही सारी मौज शक्य व्हावी यासाठी मध्यंतरी सरकारला बरीच खटपट करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. गेल्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे साऱ्या देशात हे हरिण पाच लाखांच्या आसपास उरले होते. 1900 मध्ये लेसी कायदा झाला, चोरून मारलेल्या शिकारीचा आंतरराज्य व्यापार बंद पडला; 1937 च्या कायद्याने बंदुकांवर आणि काडतुसांवर पट्टी बसवून तिचा वसूल वन्यप्राण्यांच्या निगेकडे लावला. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात मोजतात. आमच्याकडे 1972 च्या कायद्याने चितळ-सांबरांचा हा प्रश्न शिकारच बंद करून सोडवला, तिकडे शिकाऱ्याकडूनच हरणांच्या पालनपोषणाचा खर्च काढला. कोणती तजवीज अधिक शहाणपणाची हे मी ठरवणार नाही, पण ज्याला मारायचे त्याच्याच नावाने आधी वर्गणी भरायची, या व्यवस्थेत एक प्रकारची शिस्त आहे हे कबूल केले पाहिजे.

आणि या चौथ्याला एकदा वाजवायची सवय लागली म्हणजे त्याच्यावरही कोणीतरी शिंगे वाजवू लागतो. हंगाम जवळ आला की दुकानांत कृत्रिम शिंगे येतात, ती खऱ्यापेक्षा खऱ्यासारखी वाजतात असे पाटीवर लिहिलेले असते. शिंगे नकोत तर लाकडाच्या कांड्या भरलेली पिशवी घ्या, नुसती हातात चोळली की दोन नर लढू लागतात. डुरकण्याच्या नळ्या, मूत्राच्या बाटल्या, माणसाचा वास मारणारे साबण, आणि कपड्यांवरची चकाकी हरणाला दिसते म्हणून ती घालवणारे धुलाईचे द्रव. या एकंदर खणखणाटाला भुलून शहरोशहरचे बुद्धिमान पुरुष, वारा कोणीकडचा आहे हे न पाहता, दुकानांच्या दिशेने धडधडत येतात, आणि त्यांच्यातील फारच थोडे आधी वास घेतात.

खाजगी रानात हे सारे ठीक. सार्वजनिक जंगलात मात्र या विद्येला एक भय आहे, आणि ते असे की शिंगांचा आवाज ऐकून हरणांइतकेच शिकारीही येतात. झुडपाआड शिंगे हलताना पाहून एखाद्याने घाईने गोळी झाडली तर कज्जा खराच उभा राहील, या धास्तीने अनेक ठिकाणी शिकाऱ्याने भडक नारिंगी रंगाचे वस्त्र अंगावर घालावे असा नियम आहे. निसर्गाची सोय अशी की हरणाच्या डोळ्याला हा रंग वेगळा उमटत नाही. ते वस्त्र सबंध रानात ज्याला ठळक दिसते असा प्राणी एकच. आता अशा जंगलात दोन टेकड्यांवर दोन नारिंगी गृहस्थ बसलेले आहेत, मध्ये दाट झाडी आहे, आणि एकाने शिंगे आदळली असे समजा. दुसऱ्याने ती ऐकली. त्याला वाटले, काय जबरदस्त झुंज आहे, आणि तिला भर म्हणून त्याने आपली शिंगे बडवली. पहिल्याचे ऊर भरून आले. पलीकडे कोणी थोर नर आहे यात त्याला शंका उरली नाही. त्याने अधिक जोराने बडवली. दुसऱ्याने त्याहून जोराने. डहाळ्या मोडल्या, नळ्या डुरकल्या, भोवतालच्या हरिणींनी शांतपणे टेकडी बदलली. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याप्रमाणे बंदुका खाली ठेवण्याची वेळ झाली, आणि दोघेही खाली उतरून आपापल्या गाडीशी आले, तेव्हा एकाने दुसऱ्याला विचारले, "तुम्हीही ऐकलात का तो? काय नर होता हो!"